टायगर, क्रो आणि कुंचलपाद कुळ: फुलपाखरांचं वर्गीकरण नेमकं कशावरून ठरतं?

रानवाट_मुलुंड

गणपती उठले की बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, येऊर, आरे इथून फुलपाखरांचे फोटो यायला लागतात आणि पाठोपाठ तोच प्रश्न येतो. जुन्या पुस्तकांत टायगर आणि क्रो या फुलपाखरांना 'डॅनाइडी' असं स्वतंत्र कुळ दिलंय, मग नव्या याद्यांमध्ये ती 'निम्फॅलिडी'त, म्हणजे कुंचलपाद कुळात, कशी गेली? मागच्या धाग्यावर एकांनी लिहिलं होतं की शास्त्रज्ञांना नावं बदलायची हौस असते, आपण आपले फोटो काढावेत. मला हे अजिबात पटलं नाही. वर्गीकरण नीट समजून घेतलं तर जंगलात काय बघायचं हेच बदलतं, असा माझा अनुभव आहे. म्हणून हा वेगळा धागा.

आधी कुळाबद्दल. कीटकाला सहा पाय, हे आपण शाळेत शिकलो. पण पॅन्सी किंवा टायगर पानावर बसलं की चारच पायांवर उभं दिसतं. पुढचे दोन पाय आखूड असतात, छातीशी दुमडलेले असतात आणि त्यांवर दाट केस असतात. या कुंचल्यासारख्या पायांवरूनच कुळाचं नाव पडलं. पण हे पाय निकामी आहेत असं कुणी समजू नये. मादी अंडी घालण्याआधी पानावर पुढचे पाय भराभर आपटते आणि झाड योग्य आहे की नाही याची चव त्यांनीच घेते. लक्ष देऊन पाहिलं तर रुईच्या पानावर प्लेन टायगरची मादी असं करताना दिसते.

जगभरात या कुळात सुमारे ६,००० जाती आहेत. फुलपाखरांचं हे सर्वांत मोठं कुळ. मुंबईत लेमन पॅन्सी, बॅरन, कमांडर, कॉमन सेलर, इव्हिनिंग ब्राउन, टॉनी कोस्टर, एरंडावरचं अँगल्ड कॅस्टर, ब्लॅक राजा ही सगळी यातलीच. एवढा मोठा गोतावळा म्हटल्यावर पोटभेद आलेच. सध्या बहुतेक अभ्यासक १२ उपकुळं मानतात. त्यातलं एक डॅनाइनी, आणि या धाग्याचा विषय तेच.

मुंबई-ठाण्यात दिसणारे डॅनाइनी म्हणजे प्लेन टायगर, स्ट्राइप्ड टायगर, ब्लू टायगर, डार्क ब्लू टायगर, ग्लासी टायगर, आणि क्रोंपैकी कॉमन क्रो, ब्राउन किंग क्रो, डबल-ब्रँडेड क्रो. आता प्लेन टायगर आणि कॉमन क्रो शेजारी ठेवून बघा. एक नारिंगी, दुसरं काळपट तपकिरी. रंगावरून कुणी यांना भावंडं म्हणणार नाही. तरी ती एकत्र आहेत, आणि प्लेन टायगरशी हुबेहूब जुळणारी डॅनेड एगफ्लायची मादी मात्र यात नाही. चर्चा इथून सुरू करू या.

सोनकी

दादा, मी झूऑलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रंग धरायचा नाही, तर धरायचं काय? आमच्या पुस्तकात फक्त "पुढचे पाय लहान" एवढंच आहे. ते तर सगळ्याच कुंचलपादांत आलं.

रानवाट_मुलुंड

सोनकी, डॅनाइनींच्या काही खुणा एकत्र बघायच्या. डोक्यावर आणि छातीवर काळ्या रंगात पांढरे ठिपके असतात. हे ठिपके टायगर आणि क्रो दोघांतही आहेत, त्यामुळे सगळ्यात आधी नजर तिथे टाकायची. मिशांवर खवले नसतात. इतर कुंचलपादांच्या मिशांवर ते असतात. मादीच्या पुढच्या पायाचं टोक गोळा झाल्यासारखं जाड असतं, पण ते नमुना भिंगाखाली असेल तरच दिसतं. नराच्या पोटाच्या टोकाला आत ओढून घेतलेले केसांचे झुपके असतात. मादीपुढे ते बाहेर काढून तो गंध पसरवतो.

आणि उडणं! पंख चिवट, चाल संथ, घाई कसली ती नाही. अंगात विष आहे म्हणून ही ऐट. पक्ष्याने एकदा पकडून टाकून दिलं तरी पुष्कळदा हे फुलपाखरू जिवंत राहतं.

कंपाउंडवाली_बोरिवली

मी शास्त्र शिकलेली नाही, पण सोसायटीच्या कंपाउंडमधल्या झाडांवरच्या अळ्या गेली बरीच वर्षं पाहते आहे. रानवाट म्हणतात ते नातं अळीत फार स्पष्ट दिसतं. या सगळ्यांच्या अळ्यांच्या पाठीवर मऊ, काळ्या दोऱ्यांच्या जोड्या असतात. काटे नव्हेत, हात लावला तर मांसल लागतात. प्लेन टायगर आणि स्ट्राइप्ड टायगर यांच्या अळीला तीन जोड्या, ब्लू टायगर आणि ग्लासी टायगरला दोन, कॉमन क्रोला चार. पॅन्सीच्या किंवा एगफ्लायच्या अळीला हे दोरे नसतात, तिच्या अंगभर फांद्या फुटलेले काटे असतात. म्हणजे एगफ्लायची मादी मोठी झाल्यावर प्लेन टायगरचं सोंग घेते, पण अळी असताना तिचं खरं घराणं उघडं असतं.

आमच्या गेटपाशी कण्हेर आहे. तिथे कॉमन क्रोचे कोष लटकलेले सापडतात, आरशासारखे चकचकीत, सोनेरी-रुपेरी. नवीन माळ्याला पहिल्याच दिवशी ते दाखवून ठेवायचे, म्हणजे छाटणीत जात नाहीत. पिंपळ, उंबर यांवरही ही अळी होते.

सोनकी

ताई, जोड्यांची ही संख्या कुठेच एका जागी मिळाली नव्हती. वहीत उतरवून घेतली.

जुनी_पाने

इतिहासाबद्दल थोडं लिहितो, कारण "नावं बदलायची हौस" हा आरोप मलाही लागला.

लिनियसने १७५८ साली सगळ्याच फुलपाखरांना 'पॅपिलिओ' या एका प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, जीनसमध्ये) घातलं होतं. प्लेन टायगर तेव्हा 'पॅपिलिओ क्रायसिपस' होतं. नंतर भेद कळत गेले तसे गट फुटत गेले. फॅब्रिशियसने १८०७ साली क्रोंना 'यूप्लिआ' ही प्रजाती दिली. फ्रेडरिक मूरने १८८०च्या सुमारास ब्लू टायगरसाठी 'तिरुमला' आणि ग्लासी टायगरसाठी 'पॅरान्टिका' काढली, त्या आजही चालतात. पण याच मूरने क्रोंचे इतके तुकडे केले की नंतरच्या लोकांना ते बहुतेक सगळे पुन्हा 'यूप्लिआ'त परत आणावे लागले.

कुळाची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. ब्रिटिश काळातल्या भारतीय प्राणिसृष्टीच्या ग्रंथमालेत बिंगहॅमच्या १९०५च्या खंडात डॅनाइनी हे निम्फॅलिडीचं उपकुळच आहे. त्याच मालेत टॅलबॉटच्या १९४७च्या खंडात डॅनाइडी आणि सॅटिरिडी (ब्राउन फुलपाखरं) स्वतंत्र कुळं झाली. विंटर-ब्लाइथचं पुस्तक आपल्या मुंबईच्या बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) १९५७ साली काढलं, त्यातही वेगळीच. आपल्या आधीची पिढी त्या पुस्तकावर वाढली, म्हणून 'डॅनाइडी' इतकं तोंडात बसलंय. आज पुन्हा उपकुळ. म्हणजे नवी मांडणी खरं तर १९०५च्या जवळ गेली आहे, फरक एवढाच की आता तिच्यामागे पुरावा कितीतरी जास्त आहे.

स्ट्राइप्ड टायगरचाही एक घोळ सांगतो. जुन्या भारतीय पुस्तकांत ते 'प्लेक्सिपस' नावाने सापडेल. 'प्लेक्सिपस' हे लिनियसचं नाव नेमकं कुणाचं, आपल्या स्ट्राइप्ड टायगरचं की अमेरिकेतल्या मोनार्कचं, यावर मतं वेगळी होती. शेवटी प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९५४ साली ते मोनार्कला दिलं आणि आपलं फुलपाखरू 'डॅनॉस जेनुशिया' राहिलं. जुन्या नोंदी वाचताना हे माहीत नसेल तर बोरिवलीत मोनार्क सापडलं असं वाटायचं.

येऊरचा_वाटसरू

जुनी_पाने, माहिती उत्तम. पण यातूनच माझा मुद्दा निघतो. १९०५ साली उपकुळ, १९४७ साली कुळ, आता परत उपकुळ. आज डीएनएवाले एक म्हणतात, उद्या दुसरे म्हणतील. आमच्यासारख्या रविवारी फिरणाऱ्यांनी इंग्रजी नाव लिहिलं की काम भागतं. कुळ का उपकुळ यावर एवढी शाई का घालवायची?

रानवाट_मुलुंड

वाटसरू, प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुठल्या फांदीतून कुठली फांदी फुटली, हा शोध आहे. त्या फांदीला कुळ म्हणायचं की उपकुळ, हा सोयीचा करार आहे. करार बदलला म्हणून शोध खोटा ठरत नाही.

२००९ साली निकलस वालबर्ग आणि सहकाऱ्यांनी या कुळातल्या सुमारे ४०० प्रजाती घेतल्या, १० जनुकांचे तुकडे तपासले आणि त्यांना शरीररचनेच्या खुणांची जोड दिली. त्यातून जो वंशवृक्ष आला त्यात सगळ्यात आधी वेगळी झाली ती बीक फुलपाखरं, म्हणजे लिबिथिनी. त्यानंतरची फांदी आपली डॅनाइनी. बाकी सगळे कुंचलपाद त्यानंतर फुटलेले.

आता नीट बघा. डॅनाइनी बाकीच्यांच्या आधीच बाजूला झालेत, त्यामुळे बीक फुलपाखरांनाही स्वतंत्र कुळ द्यायची तयारी असेल तर कुणी डॅनाइडी कुळ ठेवलं तरी वृक्षाचं काही बिघडत नाही. तिथे खरोखर फक्त कराराचा प्रश्न आहे. पण सॅटिरिडीचं तसं नाही. इव्हिनिंग ब्राउन, बुशब्राउन, पामफ्लाय यांचे जवळचे नातलग निघाले राजा आणि नवाब. जुन्या पुस्तकांत ब्राउन वेगळ्या कुळात आणि राजा-नवाब मात्र पॅन्सी आणि सेलरबरोबर निम्फॅलिडीत. म्हणजे दोन सख्खी घरं तोडून एकाला लांबच्या चुलत्यांकडे नेऊन बसवलं होतं. ती मांडणी चुकीचीच होती, कुठल्याही करारात बसत नाही. ती सुधारायची तर सगळ्यांना एका कुळात घेऊन आत उपकुळं पाडणं हा सरळ मार्ग आहे, आणि तोच बहुतेकांनी धरला आहे.

यात रविवारच्या भटकंतीचा फायदा काय? कान्हेरीच्या वाटेवर सडक्या फळावर, झाडाच्या गळणाऱ्या रसावर ब्लॅक राजा आणि ब्राउन दोन्ही येतात. टायगर मात्र तिथे जवळजवळ कधीच दिसणार नाही, तो फुलांवर आणि सुकलेल्या खुळखुळ्यावर. नातं माहीत असलं की कुणाला कुठे शोधायचं हे सुचत जातं.

येऊरचा_वाटसरू

करार आणि शोध हा फरक कळला. सॅटिरिडीचा मुद्दा मला माहीतच नव्हता. सुकलेल्या खुळखुळ्याचं काय ते सांगा.

गोरेगावकर

ते मी सांगतो, गोरेगावला फिल्मसिटीजवळच्या बीएनएचएसच्या केंद्रात हे डोळ्यांनी पाहिलंय. खुळखुळा आणि भुरुंडी या झाडांत पायरोलिझिडीन अल्कलॉइड नावाची कडू विषारी द्रव्यं असतात. टायगर आणि क्रो, त्यातही मुख्यतः नर, वाळलेल्या किंवा चुरगळलेल्या भागांवर झुंबड करतात, सोंडेने ओलं करून ती द्रव्यं शोषून घेतात. पानं ताजी असली तर पायांनी ओरबाडतात. ही द्रव्यं दोन कामांना येतात. एक संरक्षण, दुसरं म्हणजे नराच्या त्या केसांच्या झुपक्यांतला गंध याच मालापासून तयार होतो. माल नाही तर गंध नाही, आणि गंध नसेल तर मादी त्याच्याकडे फारशी बघत नाही.

त्यामुळे एकाच वाळक्या फांदीवर ब्लू टायगर, स्ट्राइप्ड टायगर आणि कॉमन क्रो खांद्याला खांदा लावून बसलेले दिसतात. रंग तीन, गरज एक. उपकुळ समजावून सांगायला मला यापेक्षा चांगलं दृश्य माहीत नाही.

रुईतलं विष वेगळं, ते हृदयावर परिणाम करणारं. ते अळी खाताना अंगात साठवते.

कान्हेरी

डॅनेड एगफ्लायबद्दल थोडं, कारण फोटोंमध्ये सर्वांत जास्त गोंधळ तिथेच होतो. मादी प्लेन टायगरसारखी, नर मात्र पूर्ण वेगळा: काळा, पंखांवर मोठे पांढरे गोल आणि त्यांना जांभळी झाक. मादी ओळखायची तर मागच्या पंखाचा मधला भाग बघा. प्लेन टायगरच्या मादीला तिथे तीन काळे ठिपके असतात, नराला चार, त्यातला चौथा म्हणजे त्याची गंधाची पिशवी. एगफ्लायच्या मादीला मधे ठिपके नसतात, वरच्या कडेपाशी एकच असतो. छातीवरचे ठळक पांढरे ठिपकेही नाहीत. एगफ्लाय पॅन्सीच्या जवळचं, म्हणजे निम्फॅलिनी उपकुळातलं.

हे ओळखण्याला वजन आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हे एगफ्लाय वर्षानुवर्षं होतं, आणि प्लेन टायगर तर रुई असलेल्या कुठल्याही मोकळ्या प्लॉटवर. नोंद करताना एकाच्या जागी दुसरं लिहिलं तर ती नोंद निरुपयोगी होते.

सोनकी

मग ब्लू टायगरसारखं दिसणारं कॉमन माइम? तेही कुंचलपादच का?

कान्हेरी

नाही गं. माइम स्वॅलोटेलच्या कुळातलं. त्याची दोन रूपं आहेत, एक ब्लू टायगरची नक्कल, दुसरं क्रोची. बसलं की पाय मोज. माइम सहाच्या सहा पायांवर उभं राहतं. रंग कितीही जुळवला तरी पाय लपत नाहीत.

जुनी_पाने

रंग बाजूला सारून नातं शोधायची ही पद्धत फार जुनी आहे. हेन्री वॉल्टर बेट्सने १८६१ साली ॲमेझॉनच्या फुलपाखरांवर प्रसिद्ध निबंध वाचला, त्यातूनच नकलेचा सिद्धांत आला, म्हणजे बिनविषारी फुलपाखरं विषारी फुलपाखरांचं रूप घेऊन वाचतात हा. त्या काळी तिथली लांब पंखांची, विषारी, पट्टेदार फुलपाखरं सरसकट 'हेलिकॉनिडी' म्हणून एकत्र ठेवत. बेट्सने त्यांचे दोन भाग केले. एकाचं नातं त्याने टायगरच्या घराण्याशी जोडलं, दुसऱ्याचं कोस्टरच्या. दोन्ही गटांतली फुलपाखरं एकमेकांसारखी दिसत होती, तरीही!

आजच्या वर्गीकरणात पहिला भाग, म्हणजे इथोमिनी, डॅनाइनी उपकुळातच आहे. दुसरा, खऱ्या हेलिकॉनिअसचा, आपल्या टॉनी कोस्टरबरोबर हेलिकॉनिनी उपकुळात. जनुकं वाचता येण्याच्या शंभराहून जास्त वर्षं आधी, केवळ रचना बघून. वाचताना मला फार आनंद होतो याचा.

डॅनाइनीत आज तीन गट धरतात: आपले टायगर-क्रो, हे दक्षिण आणि मध्य अमेरिकेतले इथोमिनी, आणि न्यू गिनी-ऑस्ट्रेलियाकडचा छोटा टेलर्विनी. ॲकरी आणि व्हेन-राइट यांनी १९८४ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधून टायगर-क्रो गटाचा सविस्तर अभ्यास छापला. आजचा पाया पुष्कळसा तोच.

रानवाट_मुलुंड

जुनी_पाने, ही भर मोलाची. चार पायांच्या नियमालाही एक अपवाद आहे, तो नोंदवून ठेवतो. बीक फुलपाखरांत नराचे पुढचे पाय आखूड असतात, पण मादी सहाही पाय वापरते. याच कारणाने त्यांनाही कित्येक वर्षं वेगळं कुळ मानत होते. सर्वांत आधी फुटलेल्या फांदीत हे असावं, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. पुढच्या पायांचा संकोच नर-मादीत एकाच वेळी झाला नसावा, असं त्यावरून वाटतं.

कंपाउंडवाली_बोरिवली

आता लावायचं काय ते बोलू, कारण विचारणा होतेच. रुई मुद्दाम विकत आणायची गरज नाही, पडीक जागेत आपोआप येते. सोसायटीवाले 'रान' म्हणून उपटतात, तेवढं थांबवा. शनिवारी मारुतीला घालायला पानं तोडता तेव्हा उलटून बघा, अंडी एकेकटी पानाच्या खालच्या बाजूला असतात. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, डोळ्याला फार वाईट. गॅलरीत असाल तर हळदकुंकू कुंडीत छान येतं, मूळचं अमेरिकेतलं असलं तरी प्लेन टायगर त्यावर अंडी घालतं. ब्लू टायगरला हरणदोडीचा वेल लागतो, तो कुंपणावर चढू द्या. आणि एका कोपऱ्यात खुळखुळा, वाळला तरी काढू नका. औषध फवारणीच्या दिवशी या झाडांना वगळायला सांगा, नाहीतर सगळंच व्यर्थ.

सोनकी

माझ्याकडे पावसाळ्यातला एक फोटो आहे, पंख मिटलेले, नारिंगी, मागचा पंख अर्धा पानाआड. यावरून टायगर की एगफ्लाय सांगता येईल?

कान्हेरी

टाक इथे. छाती दिसत असेल तर बहुधा सांगता येईल. पुढच्या वेळी एक फोटो बाजूने, खाली बसून काढ, पाय आणि छाती स्पष्ट येतील असा. दुसरा, जमला तर, पंख उघडल्यावर वरून. आणि कुठल्या झाडावर बसलं होतं तेही लिही, पानाचा वेगळा फोटो असला तर उत्तम.